तळवे बरोबर, माल खोटा

डायनोसॉरच्या शास्त्रशुद्ध प्रतिकृती जमवणाऱ्यांना जाणकार विक्रेत्याची भुरळ फार लवकर पडते. माझी फसवणूक नेमकी याच वाटेने झाली, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे. मला हवी होती ती उत्पादन बंद झालेल्या एका मालिकेतील कॉन्कॅव्हेनेटर या मांसाहारी डायनोसॉरची प्रतिकृती. ज्या मालिकांचे काम संग्रहालयांच्या अभ्यासकांच्या देखरेखीखाली झाले, त्या बंद पडल्यावर अधिकच दुर्मीळ होतात. सफारी या खेळण्यांच्या कंपनीने पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या सहकार्याने १९८८ मध्ये सुरू केलेली मालिका २०१५ मध्ये थांबली, आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी इन्विक्टा कंपनीने १९७० च्या दशकापासून काढलेली मॉडेल तर त्याआधीच जुन्या बाजारात गेली होती. उत्पादन थांबले तरी मागणी थांबत नाही, आणि खोट्या मालाला शिरकाव करायला एवढी फट पुरते.

विक्रेत्याच्या जाहिरातीत सहा छायाचित्रे होती आणि त्याखालचे वर्णन एखाद्या अभ्यासकाने लिहावे तसे होते. कॉन्कॅव्हेनेटरचा जीवाश्म स्पेनमधील लास होयास येथे सापडला, २०१० मध्ये त्याला नाव मिळाले, कमरेच्या अगदी पुढच्या दोन मणक्यांचे काटे उंच असल्यामुळे त्याच्या पाठीवर टोकदार उंचवटा दिसतो, आणि कोपराखालच्या हाडावरचे उंचवटे पिसांच्या मुळांचे की स्नायूंच्या जोडणीचे, यावर अजून वाद आहे, असे सगळे त्यात होते. यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते. पोटाखालच्या ठशाचे, म्हणजे कंपनीचे नाव, वर्ष आणि प्रजातीचे नाव कोरलेल्या भागाचे, जवळून घेतलेले छायाचित्र मी मागितले, तेव्हा उत्तरादाखल पिसांच्या वादावर आणखी दोन परिच्छेद आले आणि सोबत एक छायाचित्र आले, ज्यात ठसा होता खरा, पण तिरका आणि अर्धा सावलीत. प्रश्न ठशाचा आणि उत्तर पिसांचे, ही विसंगती कोणत्याही संग्राहकाने तिथल्या तिथे हेरावी अशीच आहे.

त्यानंतरचा प्रस्ताव ठरलेल्या साच्यातला होता. खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाचे कमिशन वाचवून तेवढी सूट देतो, पैसे थेट पाठवा, आणि पाठवताना ‘मित्र किंवा नातेवाईक’ हा प्रकार निवडा, असे सांगण्यात आले. पैसे थेट गेले की संकेतस्थळावर त्या व्यवहाराची नोंदच राहत नाही, आणि ओळखीच्या माणसाला पैसे देण्याच्या त्या प्रकाराला खरेदीदाराचे संरक्षण सहसा लागू होत नाही. वस्तू वेगळी आली तरी कागदोपत्री ती आपण खुशीने दिलेली रक्कम ठरते. मी रक्कम त्याच प्रकारे पाठवली. पार्सलचा क्रमांक लगेच मिळाला, पण तो बराच काळ जागचा हलला नाही. विचारणा केली की अतिशय नम्र, दिलगिरीने ओथंबलेले उत्तर यायचे, आणि प्रत्येक उत्तरात आणखी थोडे थांबण्याची विनंती असायची. ही नम्रता हिशेबी असते. तक्रार करण्याची मुदत ठरावीक असते आणि ती उलटून जाईपर्यंत ग्राहकाला गोड बोलून थोपवून धरणे हाच त्यामागचा उद्देश असतो.

पार्सल शेवटी आले. दुरून पाहता सगळे ठीक होते. उंचवटा जागच्या जागी होता, शेपटी जमिनीला समांतर होती, हाताचे तळवे एकमेकांकडे वळलेले होते. मांसाहारी डायनोसॉरचे तळवे जमिनीकडे वळलेले दाखवणे ही स्वस्त खेळण्यांमधली नेहमीची चूक आहे, आणि ती इथे नव्हती. मात्र खोटा माल खऱ्या प्रतिकृतीवरूनच साचा घेऊन ओतलेला असेल, तर मूळ शिल्पकाराची सगळी शरीररचना त्यात आपोआप उतरते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शास्त्रशुद्ध असणे ही अस्सल असण्याची खूण नव्हे. आपण संग्राहक मंडळी पहिली गोष्ट तपासण्यात इतके तरबेज झालेलो असतो की दुसरी वेगळी तपासावी लागते हे सुचतच नाही.

जवळून पाहिल्यावर फरक दिसू लागले. मूळ प्रतिकृतीत मानेवरचे खवले नखाने चाचपडता येतात. इथे ते साबणाच्या झिजलेल्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते. साच्याच्या दोन भागांची जोडरेघ हनुवटीपासून पोटावरून थेट शेपटीखालपर्यंत गेलेली होती आणि ती घासून काढण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. दातांचा पांढरा रंग ओठांवर ओघळला होता, दोन्ही डोळ्यांतली बुबुळे वेगवेगळ्या दिशांना होती, आणि पोटाखाली जिथे ठसा हवा तिथे एक सपाट, किंचित खरखरीत पट्टा होता. मोजमाप घेतले तेव्हा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी मालिकेच्या सूचीपत्रात दिलेल्या लांबीपेक्षा कमी भरली. तयार वस्तूवरून घेतलेल्या साच्यातील प्रत ओतताना थोडी आकसते, त्यामुळे मोजपट्टीसारखा निःपक्षपाती साक्षीदार या छंदात दुसरा नाही.

सर्वांत बोलका पुरावा मात्र जाहिरातीतल्याच एका छायाचित्रात होता. त्यात उजव्या पायाच्या मधल्या बोटाचा रंग किंचित उडालेला स्पष्ट दिसत होता, आणि माझ्या हातातल्या प्रतिकृतीचे ते बोट कोरे करकरीत होते. छायाचित्रावरून इंटरनेटवर शोध घेतला तेव्हा तीच सहाही छायाचित्रे एका संग्राहकाने आपल्या संग्रहाची म्हणून कितीतरी आधी प्रसिद्ध केलेली आढळली. त्यांनी ती प्रतिकृती कधी विकायलाच काढली नव्हती.

विक्रेत्याला हे सगळे कळवल्यावर त्याने शांतपणे लिहिले की जुने प्लॅस्टिक काळाच्या ओघात आकसते आणि ठसे बुजतात. जुन्या मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकमधील प्लॅस्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारा पदार्थ, बाहेर पडून पृष्ठभाग चिकट होतो, पातळ पाय वाकतात, लांब शेपटी झुकते, हे खरे आहे, आणि वाकलेले पाय गरम पाण्यात धरून सरळ करून लगेच गार पाण्यात बुडवण्याचा उपाय अनेक संग्राहक करतात. पण वरचा रंग शाबूत राहून त्याखालची कोरीव अक्षरे तेवढी नाहीशी होणे शक्य नाही. अर्धसत्याच्या आधाराने खोटे बोलण्याचे त्याचे हे कसब, मान्य करावे लागेल, पहिल्यापासून अखेरपर्यंत सुसंगत होते.

दुर्मीळ प्रतिकृती घेण्यापूर्वी विक्रेत्याला ती त्या दिवसाची तारीख हाताने लिहिलेल्या चिठ्ठीशेजारी ठेवून छायाचित्र पाठवायला सांगावे, आणि ठसा, जबडा व तळपाय यांची वेगळी, भरपूर उजेडातली छायाचित्रे मागावीत. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला याला दोन मिनिटेही लागत नाहीत. ज्याच्याकडे नाही तो आजारपण, प्रवास, बिघडलेला कॅमेरा अशी कारणे सांगू लागतो. ‘संग्रहालयाच्या दर्जाची’ या शब्दप्रयोगाला काडीचाही अर्थ नाही, कारण तो कोणीही कशावरही छापू शकतो. मालिकेशी खरोखर एखादे संग्रहालय जोडलेले असेल तर त्याचे नाव खोक्यावर आणि बहुधा ठशातही असते. पैसे संकेतस्थळाच्या आतच द्यावेत, पार्सल उघडताना सलग चित्रफीत काढावी, आणि विक्रेता कितीही अजिजीने थांबायला सांगत असला तरी मुदत संपण्याआधी तक्रार नोंदवून मोकळे व्हावे. वस्तू खरी निघाली तर तक्रार मागे घेता येते.

माझे पैसे परत मिळाले नाहीत. रक्कम स्वेच्छेने पाठवलेली असल्याचे कारण देऊन पैसे पोहोचवणाऱ्या सेवेने तक्रार निकालात काढली, आणि संकेतस्थळाने त्या विक्रेत्याचे खाते बंद केले. खोटी प्रतिकृती मी लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवली आहे, कारण असल्या मालाच्या प्लॅस्टिकची आणि रंगाची कोणी चाचणी केलेली असेल असे मानायला आधार नाही. ती फेकून दिलेली नाही ती एवढ्यासाठी, की नव्याने संग्रह करू लागलेल्यांना जोडरेघ आणि बुजलेले खवले हातात घेऊन पाहता यावेत. पोटाखालच्या सपाट पट्ट्यावर मी न पुसणाऱ्या शाईने ‘नक्कल’ असे लिहून ठेवले आहे, म्हणजे पुढे ती कोणाच्याही हाती गेली तरी अस्सल म्हणून विकली जाणार नाही.