बोट ट्रेलरचे ऑइल-बाथ हब : आठ महिने, चार सील आणि एक चर

जुलै महिन्यात मी बोट ट्रेलरच्या या तेलाच्या हबच्या (चाकाचा मधला, बेअरिंग बसवलेला भाग) जोडीला पाचपैकी एक तारा दिला होता, आणि तोही शून्य देण्याची सोय नव्हती म्हणून. आज डिसेंबरात, ट्रेलर हिवाळ्यासाठी झाकून ठेवल्यावर, तो अभिप्राय काढून हा नवा लिहीत आहे. हब तेच आहेत, तेलही त्याच डब्यातले आहे. गळती मात्र थांबली आहे आणि ती कशामुळे होत होती हे मला कळले आहे. ते कळायला चार सील (तेल आत अडवणाऱ्या रबरी कड्या), तीन शनिवार आणि कोल्हापूरला केलेला एक फोन लागला.

मी डेट्रॉइटजवळ नोव्हाय येथे राहतो. अठरा फुटी अ‍ॅल्युमिनियमची जुनी मासेमारीची बोट आणि तिच्याखाली ३,५०० पौंड क्षमतेचा, एका आसाचा, ब्रेक नसलेला ट्रेलर असा माझा संसार आहे. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात बहुतेक शनिवारी लेक सेंट क्लेअरला जाणे होते, म्हणजे येऊन-जाऊन साधारण नव्वद मैल. आतले बेअरिंग एल६८१४९, बाहेरचे एल४४६४९ आणि मागचे सील १.७१९ इंची, हा सगळीकडे मिळणारा संच माझ्याकडे आहे. त्यामुळे मापांबद्दल अधिक लिहीत नाही.

मूळ हब ग्रीसचे होते आणि त्यांच्या तोंडावर स्प्रिंगची टोपी होती. ही टोपी आत सुमारे ३ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब राखते, म्हणजे गरम हब पाण्यात उतरल्यावर पाणी आत ओढले जात नाही. कल्पना उत्तम आहे, पण हातातल्या ग्रीस गनने दोन दट्टे जास्त मारले की मागचे सील जागेवरून सरकते आणि ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडत राहते. मागच्या मालकाने नेमके तेच करून ठेवले होते. शिवाय ग्रीसच्या हबमध्ये काय चालले आहे हे चाक उतरवून हब उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून एप्रिलमध्ये मी १८९ डॉलर देऊन तेलाचे हब बसवले. त्यांच्या टोपीला पारदर्शक खिडकी असते, आत गिअर ऑइल असते, तेल स्वच्छ दिसले तर सगळे ठीक आणि दुधासारखे झाले तर पाणी शिरले, असा सरळ हिशेब असतो. तेल विकत घेतले नाही. गाडीच्या डिफरन्शियलसाठी आणलेल्या ७५डब्ल्यू-९० चा अर्धा डबा गॅरेजमध्ये पडून होता, तोच वापरला.

पहिले दोन महिने मी त्या खिडकीच्या प्रेमात होतो. रोज संध्याकाळी कचरा बाहेर ठेवायला गेलो की टॉर्च मारून दोन्ही चाकांतले तेल पाहून येत असे. देवघरातल्या समईतले तेल मी कधी एवढ्या निष्ठेने पाहिले नाही, असे बायकोने बोलूनही दाखवले.

जुलैमध्ये आम्ही हॉटन लेकला निघालो. आय-७५ महामार्गावर सुमारे शंभर मैल गेल्यावर विश्रांतीच्या थांब्यावर उतरलो, तर डाव्या चाकाच्या खिडकीत तेल तळाशी जेमतेम दिसत होते आणि रिमच्या आतल्या बाजूला मध्यापासून कडेपर्यंत काळ्या तेलाचे पट्टे ओढलेले होते. तेरा इंची रिमचे हे छोटे चाक ताशी ६५ मैल वेगात मिनिटाला जवळजवळ नऊशे फेरे घेते. तेल संपल्यावर त्या बेअरिंगचे काय होते हे रस्त्याच्या कडेला एका बाजूला बसलेले ट्रेलर पाहून सर्वांना माहीत असते. बाटलीतले तेल भरले, वेग ५० वर आणला आणि दर तीस मैलांवर थांबत पोहोचलो. त्या रात्री तो एक तारा दिला.

परत आल्यावर सील बदलले. त्याआधी एक शहाणपणाची गोष्ट केली. हब आणि रिमची आतली बाजू ब्रेक क्लीनरने कोरडी केली, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि पाच मैल फिरून आलो. (पावडर हातात घेताना रांगोळीही आठवली होती, पण ती दगडाची भुकटी असते आणि सीलजवळ तिचे काम नाही.) ओली झालेली पावडर तेल कोठून निघते हे दाखवते. सीलच्या बाहेरच्या कडेवर ओले वर्तुळ दिसले तर सील हबमध्ये तिरपे बसले आहे किंवा हबच्या भोकाला ओरखडा आहे. स्पिंडलच्या, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या आसाच्या टोकाच्या, बाजूने ओल आली तर सीलचा ओठ, म्हणजे स्पिंडलला टेकणारी त्याची मऊ कडा, गळतो आहे. माझ्या हबची ओल ओठापाशी होती. म्हणजे उत्तर त्याच दिवशी समोर होते, पण मी त्यातून एवढाच अर्थ काढला की ओठ खराब आहे आणि म्हणून सील खराब आहे. नवे सील आणले, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवली, ओठाला तेल लावले, वर लाकडाचा ठोकळा धरून चौफेर समान ठोकले. दोन फेऱ्यांनंतर पुन्हा पट्टे आले.

मग संशय बेअरिंगच्या खेळावर, म्हणजे ढिलेपणावर, गेला. हब स्पिंडलवर डुलत असेल तर ओठाला दर फेरीत जागा बदलावी लागते आणि तेल निसटते. मित्राकडून डायल गेज आणून मोजले, तर खेळ ०.०१२ इंच भरला. चाक फिरवत नट आवळला, बेअरिंगे बसू दिली, नट सैल करून बोटांनी घट्ट केला, जवळच्या खाचेत स्प्लिट पिन घातली, खेळ ०.००४ इंचांवर आला. गळती निम्मी झाली. निम्मी झालेली गळती पूर्ण गळतीपेक्षा त्रासदायक असते, कारण आपण बरोबर वाटेवर आहोत असा भ्रम ती देते. पुढचा महिना मी त्याच भ्रमात काढला.

दरम्यान कंपनीशी पत्रव्यवहार चालू होता. त्यांनी आधी चार छायाचित्रे मागितली, मग आणखी चार, आणि शेवटी ‘बसवण्यातील चूक’ असा निर्णय देऊन एक सील फुकट पाठवले. तिसरे सील ते. एवढ्या पत्रांत स्पिंडल कसा आहे हे त्यांच्यापैकी कोणीही विचारले नाही, आणि माझा मूळ राग याच गोष्टीवर होता. आता न्यायाने हेही लिहिले पाहिजे की सोबतच्या पत्रकात, चौथ्या ओळीत, बारीक अक्षरांत, ‘सील ज्यावर फिरते तो पृष्ठभाग तपासावा’ असे छापलेले होते. मी ते एप्रिलमध्ये वाचले होते आणि फडक्याने स्पिंडल पुसून तपासणी पूर्ण झाली असे मानले होते.

तिसरे सीलही गळू लागल्यावर मी कोल्हापूरला चुलत भावाला व्हिडिओ फोन लावला. दादाचे शिवाजी उद्यमनगरात लेथचे वर्कशॉप आहे आणि ऑइल इंजिनांच्या क्रँकशाफ्टची कामे त्याने आयुष्यभर केली आहेत. मी अर्धी हकिकत सांगेपर्यंत त्याने थांबवले. ‘‘सील बदलत बसलायस, शाफ्टवर नख फिरवून बघितलास काय?’’ मी फोन तसाच टेकवून ठेवला आणि स्पिंडलवरून, आडव्या दिशेने, अंगठ्याचे नख ओढले. सीलचा ओठ जिथे टेकतो नेमक्या त्या जागी नख अडकले. ‘‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला,’’ दादा म्हणाला आणि त्याच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तो चर डोळ्यांना दिसत नाही असे नाही. प्रकाश तिरपा पाडला की चकाकणारी एक गोल रेघ दिसते आणि तिच्या एका बाजूला गंजाचे तीन-चार बारीक खड्डेही दिसतात. सीलच्या मऊ रबरात वाळूचा कण रुतला की तो कण वर्षानुवर्षे पोलादाला घासत राहतो, आणि ट्रेलरचा स्पिंडल तसा मऊ पोलादाचाच असतो. आधीच्या मालकाच्या काळात याच चरातून ग्रीस निसटत नव्हते, कारण घट्ट ग्रीस केसाएवढी फट स्वतःच बुजवते. पातळ तेल त्याच फटीतून वाट काढते. म्हणून जुन्या आसावर नवे तेलाचे हब बसवल्यावर होणारी गळती बहुतेकांना हबचा दोष वाटते. मलाही वाटली.

इलाज स्टेनलेसच्या पातळ स्लीव्हचा, म्हणजे झिजलेल्या जागेवर चढवायच्या नळीसारख्या आवरणाचा, आहे. तिची जाडी अवघी ०.२८ मिलिमीटर असते, त्यामुळे सीलचे माप बदलावे लागत नाही. न झिजलेल्या जागी कॅलिपर लावून व्यास मोजला, तो १.७१९ च भरला. खडबडीतपणा बारीक पॉलिश पेपरने घालवला, चरात धातूचे इपॉक्सी भरले आणि ते ओले असतानाच सोबतच्या नळीने ठोकून स्लीव्ह सरकवली. स्पिंडलच्या खांद्याच्या कडेवर धातूची एक बारीक धारदार कोरही होती; ती तशीच राहती तर नव्या सीलचा ओठ बसवतानाच कापला गेला असता. चौथे सील, तेच तेल. ऑगस्टच्या अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत अकरा फेऱ्या झाल्या आणि डावे चाक कोरडे आहे. स्लीव्ह ३४ डॉलरची. दोन विकत घेतलेली सील, वाया गेलेले तेल आणि क्लीनर यांवर त्याहून जास्त खर्च आधीच झाला होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

गळणारे सील पाणी आत कसे घेते, तेही या निमित्ताने नीट समजले. पंचेचाळीस मैलांच्या प्रवासानंतर हबचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ओठ गळका असेल तर तापलेली, फुगलेली हवा वाटेतच बाहेर पडते. मग हब २० अंशांच्या पाण्यात उतरतो, उरलेली हवा आकसते आणि आतला दाब जवळजवळ बारा टक्क्यांनी, म्हणजे पावणेदोन पीएसआयने, बाहेरच्यापेक्षा कमी होतो. ज्या फटीतून तेल गेले तीतूनच तळे आत येते. त्यामुळे आता धक्क्यावर पोहोचल्यावर वीस मिनिटे थांबतो. दिव्यांची तार काढणे, दोर बांधणे आणि चहा पिणे एवढ्यात तो वेळ जातो.

आता अर्धा-पाऊण तारा मी ज्यासाठी अडवून धरला आहे त्याविषयी. खिडकीवर तेलाच्या पातळीची रेघ नाही. १८९ डॉलरच्या मालावर एक रेघ नाही. पत्रकात ‘मध्यापर्यंत भरावे’ असे आहे, पण मध्य कोणाचा, खिडकीचा की आसाचा, हे लिहिलेले नाही, आणि खिडकीला धातूची कडी असल्यामुळे दोन्ही एकच आहेत असे डोळ्यांना वाटत नाही. मी ‘थोडे जास्तच बरे’ या घरगुती न्यायाने उजवा हब जवळजवळ पूर्ण भरला. सप्टेंबरमध्ये त्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला, टोपीच्या ओ-रिंगपाशी (टोपीखालच्या गोल रबरी कडीपाशी), तेल पाझरू लागले आणि मी पुन्हा पावडरचा डबा काढला. कारण साधे होते. तेल एका अंशाला साधारण ०.०७ टक्के प्रसरण पावते. हब अर्धा भरलेला असेल तर ४० अंशांच्या वाढीने आतला दाब अडीच पीएसआयच्या आसपास वाढतो. नऊ-दशांश भरलेला असेल तर हवेला जागाच उरत नाही आणि तोच दाब सातच्या पुढे जातो. जिथे कमकुवत असेल तिथून तो वाट काढणारच. तेल उपसून पातळी आसाच्या मध्यावर आणली आणि पाझर थांबला.

रेघ मीच काढली. पहिली मार्करने काढली, ती एका पावसात गेली. दुसरी सुईने कोरली, ती फक्त सकाळच्या उन्हात दिसते. तिसरी बायकोच्या लाल नखपॉलिशने काढली आणि ती तीन महिने टिकून आहे. कारखान्यात साच्यातच रेघ ओतायला या लोकांना किती खर्च आला असता, हा प्रश्न मी त्यांना लिहून विचारला आहे. उत्तर म्हणून दहा टक्के सवलतीचे कूपन आले.

घ्यावेत का, असे कोणी विचारले तर उत्तर ट्रेलरवर अवलंबून आहे. ज्याला वर्षाला पाच-सहा वेळाच पाणी दिसते त्या ट्रेलरला ग्रीसचे हब पुरेसे आहेत. दरवर्षी उघडून बेअरिंग धुतली, जुने ग्रीस पूर्ण काढून एकाच जातीचे नवे भरले की झाले, कारण दोन जातींची ग्रीसे एकत्र येऊन पातळ झाली तर तीही सीलमधून गळतात. लांबचे अंतर वारंवार जाणाऱ्याला तेल परवडते, आणि काही बिघडले तर ते सांगूनही देते. जुलैमध्ये त्या थांब्यावर खिडकी नसती तर मी तसाच पुढे गेलो असतो. उलट बाजू हिवाळ्याची आहे. ट्रेलर महिनोन्‌महिने एका जागी उभा राहिला की बेअरिंगचा वरचा अर्धा भाग तेलाबाहेर राहतो आणि तिथला थर हळूहळू ओघळतो. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी बर्फ तुडवत जाऊन, जॅक लावून, दोन्ही चाके हाताने फिरवून येतो.

उजव्या स्पिंडलवरही नख किंचित अडकते. त्यासाठीची दुसरी स्लीव्ह ऑगस्टमध्येच आणून फळीवर ठेवली आहे, पण मागचे सील अजून कोरडे असल्यामुळे ती बसवलेली नाही आणि परत करण्याची मुदत संपून गेली आहे. आज सकाळी पाहिले तेव्हा दोन्ही खिडक्यांत तेल लाल रेघेला टेकलेले होते.