३९० ड्यूकसाठी युरोपातला ई-मार्क स्लिप-ऑन: पाईपाआधी कागद बघा

केटीएम ३९० ड्यूक आपल्या चाकणला बनते आणि युरोपात जाते. तिकडे ए-२ लायसन्सवर (मधल्या ताकदीच्या गाड्यांसाठीचं) ती चालवणाऱ्यांचा पहिला मोठा खर्च बहुतेक वेळा सायलेन्सरवर होतो. २०१७ ते २०२३च्या पिढीत सायलेन्सर उजव्या बाजूला उघड्यावर आहे, त्यामुळे तो बदलणं सोपं. आधीच्या पिढीत तो इंजिनाखाली होता आणि २०२४पासून पुन्हा खालीच गेलाय. हा रिव्ह्यू मधल्या पिढीसाठी मिळणाऱ्या ई-मार्कवाल्या, म्हणजे मंजुरीचा ठसा असलेल्या, स्लिप-ऑनचा (मूळ सायलेन्सरच्या जागी बसणाऱ्या बदली सायलेन्सरचा) आहे. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये शिकायला, नोकरीला गेलेल्या आणि तिथे गाडी घेतलेल्या मंडळींना तो थेट कामाला येईल.

आधी निकाल सांगतो. आवाजाचा पोत, एक-दोन किलो कमी वजन आणि दिसणं यासाठी घेत असाल तर जरूर घ्या. पॉवरसाठी घेत असाल तर पैसे वाचवा. आणि ज्याच्यासोबत तुमच्या गाडीच्या टाईपचं (मंजुरीतल्या ठरावीक मॉडेलप्रकाराचं) नाव असलेला कागद येत नाही तो पाईप फुकट मिळाला तरी लावू नका.

पॉवर का वाढत नाही? स्लिप-ऑनमध्ये फक्त शेवटचा डबा बदलतो. इंजिनाकडून येणारा बेंड पाईप, धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) मूळचेच राहतात. शिवाय बदली सायलेन्सरसाठी जो संयुक्त राष्ट्रांचा नियम ९२ आहे, त्यात गाडीची कामगिरी मूळ सायलेन्सरइतकीच राहिली पाहिजे अशी अट आहे. मंजुरी मिळालेल्या पाईपाने पाच घोडे वाढतात असं कोणी सांगत असेल तर एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर पाईप मंजूर नाही. ए-२ची मर्यादाही लक्षात ठेवा: ३५ किलोवॅट, आणि किलोमागे ०.२ किलोवॅट. ३२ किलोवॅटच्या ३९०चं वजन या हिशेबाने निदान १६० किलो लागतं आणि गाडी त्याहून फार जड नाही, म्हणजे वर जायला जागा जवळपास नाहीच.

हे सगळं इतकं घट्ट कसं झालं, हे कळल्याशिवाय या पाईपाची किंमत कळत नाही. ऑक्टोबर २०१०मध्ये युरोपियन कमिशनने दुचाकींच्या टाईप-अप्रूव्हलचा (मॉडेल विकण्याआधीच्या मंजुरीचा) नवा मसुदा मांडला. एबीएसची सक्ती, प्रदूषणाचे पुढचे टप्पे, ओबीडी (बिघाड ओळखणारी गाडीतलीच यंत्रणा) हे त्यात होतंच, पण रायडर भडकले ते पॉवरट्रेनशी छेडछाड रोखणाऱ्या कलमावर. मसुद्याची भाषा सैल होती आणि बारीकसारीक तांत्रिक अटी नंतरच्या नियमांवर सोडलेल्या होत्या. एअर फिल्टर बदलला तर चालेल का, स्प्रॉकेटचा एक दात कमी केला तर काय, घरी स्वतः गाडी खोलणाऱ्याचं काय, याचं उत्तर कुठेच मिळत नव्हतं. ब्रसेल्समधल्या फेमा या रायडर संघटनांच्या महासंघाने हाच मुद्दा लावून धरला. ब्रिटनमध्ये एमएजी या रायडर संघटनेच्या हाकेवर २५ सप्टेंबर २०११ला रायडरांनी मोटरवेवर मुद्दाम हळू गाड्या चालवून निषेध केला.

कमिशनची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ताशी ४५ किलोमीटरची मर्यादा असलेल्या मोपेडमधला अडथळा काढून ती पळवायची, हा युरोपातल्या शाळकरी पोरांचा जुना उद्योग. तो रोखायचे नियम आधीपासून होते. रायडरांचा राग होता तो मोपेडचं औषध सगळ्याच गाड्यांना पाजण्यावर.

शेवटी जानेवारी २०१३मध्ये १६८/२०१३ हा नियम आला आणि १ जानेवारी २०१६पासून लागू झाला. त्याच्या कलम २०मध्ये छेडछाडविरोधी उपायांतून ए-३ वर्गाच्या, म्हणजे पूर्ण ताकदीच्या गाड्या वगळल्या आहेत. ही रायडरांची खरी कमाई, आणि ती आंदोलनाशिवाय मिळाली नसती असं माझं ठाम मत आहे. पण ए-१ आणि ए-२ आतच राहिले. म्हणजे चाकणहून जाणारी १२५ आणि ३९० ड्यूक दोन्ही आत. याच कलमात पुढे असंही आहे की पॉवरट्रेन बदलली तर गाडी तिच्या मूळ किंवा नव्या वर्गाच्या अटींत बसली पाहिजे. ३९०च्या ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) नवा मॅप, म्हणजे इंधनाचा बदललेला हिशेब, भरून देतो म्हणणारा दुकानदार तुम्हाला हे सांगणार नाही.

आता पाईप हातात घ्या. बाहेरच्या कवचावर ठसा शोधा. वर्तुळात मोठा ई (E) आणि त्याला लागून देशाचा आकडा असतो: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ९ स्पेन, २६ स्लोव्हेनिया. हा आकडा मंजुरी कुठल्या देशाने दिली तेवढंच सांगतो, माल कुठे बनला ते नाही. शेजारी ९२ आर (92R) आणि त्यापुढे मंजुरीचा क्रमांक हवा. युरोपियन युनियनची मंजुरी असेल तर वर्तुळाऐवजी चौकटीत छोटा ई (e) दिसतो. ठसा पाईप गाडीवर बसवल्यावरही वाचता आला पाहिजे. नुसतं ई कोरलेलं आणि पुढे क्रमांक नाही, किंवा क्रमांक स्टिकरवर छापलेला, असा माल ऑनलाईन बाजारात भरपूर आहे. तो घेऊ नका.

ठसा खरा असला तरी काम अर्धंच झालं. मंजुरी ठरावीक गाडीच्या ठरावीक टाईपसाठी असते. ही ३९० २०१७ला युरो ४ या प्रदूषण टप्प्यात आली आणि २०२१ला युरो ५मध्ये गेली. बोल्ट जुळतात, पाईप बसतो, पण कागदावर फक्त युरो ४चा टाईप लिहिला असेल तर २०२१च्या गाडीवर तो बेकायदाच. वापरलेला माल घेताना लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. पाईपावरचा क्रमांक, कागदावरचा क्रमांक आणि तुमच्या नोंदणीपत्रातला टाईप असे तिन्ही ताडून बघा आणि मगच पैसे द्या. जर्मनीत मंजुरी दोन प्रकारची मिळते. ई-मार्क असेल तर ट्युफ या तपासणी संस्थेकडे जाऊन नोंद करावी लागत नाही. फ्लेन्सबुर्गच्या वाहन खात्याची एबीई (सर्वसाधारण मंजुरी) असेल तर तो कागद गाडीसोबत बाळगावा लागतो. ई-मार्कचा कागदही सीटखाली ठेवाच, रस्त्यावरच्या पोलिसाशी वाद टळतो.

आवाजाचे आकडे दोन असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. नोंदणीपत्रात यू.१ म्हणजे उभ्या गाडीचा आवाज, यू.२ म्हणजे तो मोजताना ठेवलेले आरपीएम, यू.३ म्हणजे चालत्या गाडीचा आवाज. यू.१ मोजताना मायक्रोफोन पाईपाच्या तोंडापासून अर्धा मीटरवर, ४५ अंशांत धरतात आणि कमाल पॉवरच्या आरपीएमच्या निम्म्यावर इंजिन ठेवतात. ३९०ला कमाल पॉवर ९,०००वर मिळते, म्हणून ४,५००. यू.३साठी मायक्रोफोन गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर असतो. त्याची मर्यादा पॉवर आणि वजनाच्या गुणोत्तरावर ठरते: किलोवॅटला हजाराने गुणायचं आणि गाडीचं वजन अधिक ७५ किलो याने भागायचं. उत्तर ५०च्या वर आलं तर ७७ डेसिबल, २५ ते ५०मध्ये ७४, त्याखाली ७३. ११ किलोवॅट आणि १५० किलोची १२५ घेतली तर उत्तर ४८.९ येतं, म्हणजे ७४चा कडक वर्ग. ३९० बिनदिक्कत ७७मध्ये जाते. त्यामुळे मंजूर पाईपाचा आवाज कानाला जाड आणि खोल लागतो, फार मोठा नाही. ज्यांना गल्ली हादरवायची आहे त्यांची निराशा होईल, आणि ती व्हायलाच हवी.

ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतात जून २०२०मध्ये जे झालं त्यावरून रायडर अजून चिडलेले आहेत. लेखटाल आणि हाह्नटेनयोखच्या रस्त्यांवर, हंगामात, यू.१ ९५ डेसिबलच्या वर असलेल्या गाड्यांना बंदी घातली गेली. दंड २२० युरो. बंदी फक्त कागदावरचा आकडा बघते. ९८ नोंद असलेली गाडी तुम्ही कितीही हळुवार चालवा, प्रवेश नाही. ९४वाला आरपीएम चढवून गेला तरी चालतं. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीच्या बुंडेसराट या राज्यांच्या सभागृहाने ८० डेसिबलच्या मर्यादेची आणि रविवारच्या बंदीला वाट देण्याची मागणी केली, आणि जुलैत म्युनिकसह अनेक शहरांत हजारो रायडर रस्त्यावर उतरले. माझ्या मते त्यांची तक्रार योग्य होती. पण रिकामे पाईप लावून घाटात फिरणाऱ्यांना आवरण्याची जबाबदारीही रायडरांचीच आहे, कारण गावकऱ्यांचा राग त्यांच्यामुळेच आहे.

बसवण्याकडे वळू. गाडी पूर्ण थंड हवी. जोडाच्या क्लॅम्पवर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. आधी क्लॅम्प ढिला करा, मग हँगरचा बोल्ट काढा आणि सायलेन्सर हलवत-फिरवत मागे ओढा. हँगरमधलं रबर आणि त्यातली लोखंडी बुश जपून ठेवा, बऱ्याच किटमध्ये ती नवी येत नाहीत. जोडातली ग्रॅफाईटची गॅस्केट मात्र नवीच टाका. जुनी एकदा दाबली गेली की पुन्हा नीट बसत नाही. नवा पाईप सगळे बोल्ट ढिले ठेवून टांगा, तो कुठेही ताणला जात नाही ना ते बघा आणि इंजिनाच्या बाजूने मागे येत घट्ट करा. किटच्या कागदावर टॉर्क दिलेला असतो, तोच पाळा. साधारणपणे क्लॅम्पला १० ते १५ आणि हँगरच्या ८ मिलिमीटर बोल्टला २० ते २५ न्यूटन मीटर लागतात. स्विंगआर्म आणि मागच्या फूटरेस्टपासून निदान एक सेंटिमीटर मोकळं हवं, पाईप तापला की वाढतो.

पाईप टायटॅनियमचा असेल तर पहिल्यांदा गाडी चालू करण्याआधी अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. बोटांच्या तेलाचे डाग एकदा भाजले की कायमचे राहतात. गाडी चालू करून जोडाजवळ हात फिरवा, फुस्स लागलं तर तिथे गळती आहे. एकदा तापून थंड झाल्यावर आणि पुन्हा शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट तपासा.

थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजायला लागले तर बहुतेक वेळा मॅपचा दोष नसतो, जोड गळत असतो. बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल गरम पाईपात पेटतं. गॅस्केट बदला, ईसीयूला हात लावू नका. स्लिप-ऑनचा जोड लॅम्डा सेन्सर ओलांडून, सायलेन्सरच्या बाजूला असतो, त्यामुळे मिश्रणाचा हिशेब बिघडत नाही. त्यासाठी इंधनाचं प्रमाण बदलणारा वेगळा फ्युएलिंगचा डबा विकणारे तुमच्या खिशावर डोळा ठेवून आहेत.

दुसरी कटकट डीबी-किलरची, म्हणजे पाईपाच्या तोंडात बसणाऱ्या आवाज दाबणाऱ्या भागाची. पूर्वी तो एका स्क्रूवर किंवा सर्क्लिपवर असायचा आणि दोन मिनिटांत निघायचा. आताच्या नियमानुसार आतला भाग सहज काढता येणार नाही, आणि काढलाच तर सायलेन्सरचं कायमचं नुकसान होईल, अशीच बांधणी लागते. म्हणून वापरलेला पाईप घेताना तोंडात टॉर्च मारा. रिव्हेटच्या जागी ड्रिलच्या खुणा किंवा नवीन वेल्डिंग दिसलं तर परत द्या. डीबी-किलर काढलेल्या गाडीचा जर्मनीत रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपतो आणि अपघात झाला तर विमा कंपनीशी झगडा वेगळा.

तिसरी गोष्ट आवाज शोषणाऱ्या आतल्या लोकरीची. काही वर्षांत ती जळते, आवाज फाटका होतो, कवचावर एका जागी रंग बदलतो. नवा असताना मंजूर असलेला पाईप तेव्हा मोजणीत नापास होऊ शकतो. घेण्याआधी त्या कंपनीचा रिपॅक किट (नवी लोकर भरायचा संच) मिळतो का, हे विचारून घ्या. अॅक्रापोविच, ॲरो, लिओविन्चे, रेमस या नावाजलेल्या कंपन्यांकडे सुट्या भागांची विचारणा करता तरी येते, बिननावाच्या मालाला कोणी वाली नसतो.

कॅट काढून टाकणारी फुल सिस्टीम (इंजिनापासून शेवटपर्यंतचा सगळा पाईप) ए-२च्या गाडीवर रस्त्यासाठी विचारातच घेऊ नका. नव्या युरो ५+ गाड्यांत तर ओबीडी कॅटवरही लक्ष ठेवते, त्यामुळे तो गेला की इंजिनाचा दिवा लागतो.

पुढचं संकट तपासणीचं आहे. एप्रिल २०२५मध्ये कमिशनने १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांची ठरावीक काळाने तपासणी सर्व देशांत सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला. आतापर्यंत रस्तासुरक्षेचे दुसरे उपाय दाखवून देशांना त्यातून सुटता येत होतं. फेमाचा विरोध आहे: तांत्रिक बिघाडाने होणारे मोटरसायकल अपघात फारच थोडे, मग हा खर्च कशासाठी? फ्रान्समध्ये एप्रिल २०२४ला अशी तपासणी सुरू झाली तेव्हा एफएफएमसी या तिथल्या रायडर संघटनेने बहिष्काराची हाक दिली होती. सुरक्षेच्या मुद्द्यावर फेमाचं म्हणणं मला पटतं. पण पाईप घेणाऱ्याने तपासणी येणारच असं धरून चालावं: मूळ सायलेन्सर तेल लावून, तोंडं बंद करून ठेवा, त्याचा क्लॅम्प आणि बोल्ट त्याच पिशवीत बांधा. गाडी विकतानाही तो मागितला जातो.

सुट्टीत हा पाईप पुण्याला आणून घरच्या ३९०वर लावायचा बेत असेल तर एक लक्षात घ्या. ई-मार्क संयुक्त राष्ट्रांच्या १९५८च्या करारातून येतो आणि भारत त्या करारात नाही, तो १९९८च्या वेगळ्या करारात आहे. इथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, म्हणजे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. चौकात वाहतूक पोलिसाने थांबवलं तर वर्तुळातल्या ईचा काही उपयोग होणार नाही. इथल्या गाडीवर मूळ सायलेन्सरच राहू द्या.