ठाण्यातला ज्युडोचा बिगिनर्स क्लास : दिवाळी ते गणपती

पाचपाखाडीतल्या एका जिममध्ये संध्याकाळी ज्युडोची नवशिक्यांची बॅच चालते. दिवाळीनंतर नाव घातलं, आता गणपती झाले, अजून जातेय. चाळिशी आली असेल, शाळेनंतर कुठला खेळ खेळला नसाल, तरी जमतं. फक्त सुरुवातीचे कित्येक आठवडे कुणाला पाडायला मिळणार नाही. स्वतः पडायला शिकावं लागेल.

याला उकेमी म्हणतात आणि माझ्या मते फीचे पैसे इथेच वसूल होतात. आधी उकिडवं बसून मागे लोळायचं, मग उभ्याने, मग जोडीदाराने पाडल्यावर. हनुवटी छातीला आणि नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मॅटवर आपटत नाही. हात अंगापासून थोडे लांब, तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम सपाट आपटायचे, आणि श्वास सोडायचा. पडताना हात टेकून सावरायला जायचं नाही. मनगट, कॉलरबोन त्यातच मोडतात. ही उपजत सवय मोडायला फार वेळ लागतो. आमच्या शिकवणाऱ्या ताई त्यात अजिबात घाई करत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं.

पुढे ओ-गोशी, म्हणजे कंबरेवरून पाडायचा डाव, आला. गुडघे वाकवून आपली कंबर समोरच्याच्या कंबरेखाली न्यायची, बाही ओढायची आणि वळायचं. कंबर खाली गेली नाही तर कितीही ताकद लावा, माणूस हलत नाही. गेली, तर माझ्यापेक्षा वजनदार मुलगीही उचलली जाते. सर कोल्हापूरकडचे, त्यामुळे सेओई-नागे, म्हणजे खांद्यावरून पाडायचा डाव, शिकवताना थेट ‘धोबीपछाड मारा’ म्हणतात!

जपानच्या जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युडो सुरू केला तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले घातक डाव मोकळ्या झुंजीतून बाजूला ठेवले. त्यामुळे नवशिक्यालाही रंदोरीत, म्हणजे या मोकळ्या झुंजीत, खरा जोर लावता येतो. पहिल्यांदा एका कॉलेजच्या मुलाने केसा-गातामे या जमिनीवरच्या पकडीत दाबून धरलं, मानेभोवती हात, छातीवर भार, श्वास कोंडला. त्याच्या पाठीवर दोनदा थाप मारली, त्याने त्या क्षणी सोडलं. थाप पडली की लगेच सुटका होते ना, हे कुठल्याही क्लासमध्ये आधी बघा. होत नसेल तर तिथून निघा.

तक्रारी आहेत. सुरुवातीला अर्ध्या जागेत एकमेकांत अडकवायचे फोमचे तुकडे होते. तुकड्यांमधल्या फटीत एकीचा पायाचा अंगठा अडकून मुरगळला, आम्ही सगळे मागे लागलो तेव्हा कुठे घट्ट, जाड ज्युडो मॅट आले. पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेची फी वेगळी, हे नाव घालताना कुणी सांगत नाही. बाहेरच्या फलकावर ‘सेल्फ डिफेन्स’ मोठ्या अक्षरात आहे. त्या भरवशावर कुणाशी दोन हात करायला जाऊ नका. तोल, पकड आणि पडण्याची भीती जाणं, एवढं नक्की मिळतं, आणि ते मला पुरेसं मोलाचं वाटतं.

ज्युडोगी, म्हणजे ज्युडोचा पोशाख, दोन घ्या. जाड सुती कापड ठाण्याच्या पावसात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर गी घालून आलात तर जोडीदाराला त्रास. नखं कापलेली हवीत, ताई तपासतात.

बघायला जायचं तर शनिवार टाळा. लहान मुलांची बॅच लागूनच असते, मॅटवर जागा उरत नाही.