आनंदीबाईंवर पुस्तक द्यायचंय : कादंबरी की चरित्र?

भाचीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला तेव्हा अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींवरचं पुस्तक द्यायचं हे नक्की होतं. अडलं ते कोणतं द्यायचं यावर. एकीकडे श्री. ज. जोशींची १९६८ची कादंबरी ‘आनंदी गोपाळ’, दुसरीकडे अंजली कीर्तने यांचं ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती पुन्हा सांगत बसत नाही.

कादंबरी हातातून सुटत नाही. कॉलेजात असताना मी ती एका रात्रीत संपवली. पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा शेवटच्या पानावर होतो. आपणही काहीतरी करून दाखवावं असं त्या दिवशी फार वाटलं होतं. (दुपारपर्यंत टिकलं.)

पुढे ती मी तिघांना भेट दिली. तिघांचेही फोन आले आणि तिघंही बोलले ते त्यांच्या नवऱ्यावर, गोपाळरावांवर. ‘काय विक्षिप्त माणूस!’, ‘पण त्यांच्यामुळेच शिकली ना ती?’ अर्धा-अर्धा तास हेच. आनंदीबाईंच्या वाट्याला शेवटी एक वाक्य, ‘बिचारी लवकर गेली.’ मला खटकलं ते इथे. कादंबरीला दोष कसा देऊ, तिच्या नावातच दोघं आहेत. पण जिचं मूल दहा दिवसांत गेलं, तेव्हा जी स्वतः चौदा वर्षांची होती आणि जिने पुढे पदवीच्या प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्रच घेतलं, ती नुसती ‘बिचारी’?

चरित्र जाड आहे, चाल संथ. मी ते तीनदा अर्ध्यावर ठेवलं, हे कबूल. पण मनात राहिली ती फिलाडेल्फियातली खोली. कॉलेजने दिलेल्या त्या खोलीतली शेकोटी धड नव्हती. पेटवावी तर धूर कोंडायचा, न पेटवावी तर गारठा. बाई शाकाहारी, अंगावर लुगडं, आणि अभ्यास तर करायचाच. बाई गेल्या क्षयाने, आणि क्षय शेकोटीमुळे होत नाही, एवढं मलाही कळतं. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२मध्ये दाखवला होता, आनंदीबाई बोटीत बसल्या १८८३मध्ये. गुणकारी औषध यायला मात्र अजून साठ वर्षं होती. म्हणजे अंगात जी काय ताकद असेल, तेवढीच हाताशी. ती रोज थोडी थोडी कशी झिजली हे मला चरित्रात दिसलं. कादंबरी वाचताना आमच्यापैकी कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं. मार्च १८८६ला पदवी, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक, आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात सगळं संपलं. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना राहिला होता. हे आकडे मला शाळेपासून पाठ होते. त्यांच्यामागची ती खोली नव्हती.

अर्थात ज्याची त्याची आवड. घेणारी मुलगी नववी-दहावीतली असेल, किंवा जाड पुस्तक बघूनच जांभई देणारी असेल, तर कादंबरीच द्या; न वाचलेल्या चरित्रापेक्षा वाचलेली कादंबरी कधीही बरी. आमची भाची मात्र जेवण विसरून अभ्यास करणाऱ्यांतली. रात्री चहा-बिस्किटावर काढायची आणि वर ‘मामा, मी ठणठणीत आहे’ म्हणायचं. तिला आणखी पेटवायची गरज नव्हती. मी चरित्र दिलं.

चार महिन्यांनी फोन आला. निम्मंच झालं होतं.

“मामा, त्या शेकोटीचं तिने कुणाला सांगितलंच नसेल का रे?”

म्हटलं, “तू सांगितलं असतंस?”

थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “आमच्याकडे दिवाळीपासून गरम पाणी नाहीये. थांब, आजच तक्रारवहीत लिहिते.”