सेकंड हँड लक्झरी सेदान: १४ महिने आणि १९,००० किलोमीटरनंतर

गाडी घेतली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मीटरवर ८२,००० किलोमीटर होते. आता आकडा लाखापुढे गेलाय. जर्मन सेदान, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, रिअर व्हील ड्राइव्ह. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की भक्त आणि वैरी दोन्ही धावून येतात आणि मुद्दा बाजूला राहतो.

मुद्दा एवढाच, की अशा गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हेडलाइट असो, रेडिएटर असो, सस्पेन्शनचा आर्म असो, तो महागड्या गाडीच्याच भावाने येतो. हे मला आधीपासून माहीत होतं. तरी पहिलं बिल हातात आल्यावर ते मी दोनदा वाचलं.

खरं तर मी आधी दुसरीच गाडी पाहिली होती. आरशासारखं पॉलिश, आतून नव्याचा वास. बरोबर नेलेल्या मेकॅनिकने गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला, एकही एरर नाही. मी खूश, तो मात्र गप्प. मग त्याने दाखवलं, की प्रदूषणाशी संबंधित ज्या तपासण्या गाडी चालता चालता स्वतः करत असते, त्यांतल्या बहुतेक 'अपूर्ण' दिसत होत्या. म्हणजे एररची मेमरी नुकतीच पुसलेली असावी, नाहीतर बॅटरी काढलेली. कारण विचारलं तर विकणाऱ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

दुसरी गाडी दिसायला साधी होती. बंपरवर ओरखडे, ड्रायव्हर सीटची कड झिजलेली. पण मालकाकडे बिलांची जाड फाइल होती आणि इंजिन आम्ही पोचलो तेव्हा थंडगार होतं, म्हणजे आधीच सुरू करून ठेवलेलं नव्हतं. चारही टायर एकाच कंपनीचे, तारखाही जवळपासच्या. (टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा.) चारही टायर चार जातीचे असले, तर त्या मालकाने इतर ठिकाणीही हात आखडता घेतला असणार, असं मी धरून चालतो. आणखी एक अट मी पाळली: एअर सस्पेन्शन नको. हवेच्या पिशवीला बारीक चीर पडली की गाडी रात्रीतून एका कोपऱ्यात बसते, आणि तशीच चालवत राहिलं तर गळती भरून काढता काढता कंप्रेसरही जातो. माझ्या गाडीला साध्या स्प्रिंग आहेत.

घेतल्या घेतल्या सगळे फिल्टर, इंजिन ऑइल, ब्रेक फ्लुइड आणि स्पार्क प्लग बदलले. मोठा खर्च गिअरबॉक्स ऑइलचा. गिअरबॉक्स आठ गिअरचा ऑटोमॅटिक, झेडएफ कंपनीचा ८एचपी आहे. गाड्या बनवणारे पुष्कळदा हे ऑइल 'लाइफटाइम' म्हणून सांगतात, पण खुद्द गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान ते बदलायला सांगते. मी बनवणाऱ्याचं ऐकलं. फिल्टर खालच्या प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे पॅन अख्खा बदलावा लागतो. आधी दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना हलका धक्का बसायचा, तो गेला.

चौथ्या महिन्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी होऊ लागलं. जमिनीवर थेंब नाही, फक्त टाकीतली पातळी दर आठवड्याला थोडी खाली. प्रेशर टेस्ट केल्यावर होजच्या प्लास्टिक जोडाला केसाएवढी भेग सापडली. उष्णतेने प्लास्टिक कडक होतं आणि एक दिवस तडकतं. त्याच वयाचे बाकीचे जोडही मी तेव्हाच बदलून घेतले. इंजिन एकदा प्रमाणाबाहेर तापलं की त्याचं हेड (सिलिंडरांवरचा धातूचा भाग) वाकायची भीती, मग तो खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

पावसाळ्यात पुढच्या सीटखालचा गालिचा ओला लागला. मी एसीवर संशय घेतला. निघाली सनरूफची तुंबलेली निचरा नळी. या गाड्यांत गालिच्याखाली वायरिंग, कधी कंट्रोल मॉड्यूलही असतात, म्हणून एवढ्याशा कचऱ्याचीही धास्ती. आता वर्षातून दोनदा नळ्या साफ करतो.

बॅटरीने मात्र मला फसवलं. एका सकाळी स्टिअरिंग, ब्रेक, एअरबॅग सगळ्यांचे इशारे एकदम पेटले आणि मला घाम फुटला. दोष फक्त जुन्या बॅटरीचा होता. नवी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागली, नाहीतर तो जुनीच समजून चार्ज करत राहतो.

भागांबाबत एक गोष्ट उशिरा शिकलो. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला भाग बऱ्याचदा बॉश, माले किंवा लेमफॉर्डर अशा सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने बनवलेला असतो आणि तोच त्यांच्या स्वतःच्या डब्यात बराच स्वस्त मिळतो. सस्पेन्शनचे आर्म मी तसेच घेतले. रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) टायर काढून साधे घातले, तेव्हा खड्ड्यांतला कडकपणा निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटला. स्टेपनी नाही, म्हणून डिकीत पंप आणि पंक्चर किट असतं.

फक्त निवांतपणा हवा असेल तर लेक्सस ईएस ही सेदान बघा. तिचं टोयोटा कॅमरीशी जवळचं नातं आहे, इंजिन दीर्घकाळ दोघींत वापरलेलं. मीही चालवून पाहिली होती, दोष काढायला जागा नव्हती. पण वळणावर मन काही हललं नाही, आणि माझ्या हट्टाची किंमत मी बिलांतून भरतोय.

सध्या व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून, म्हणजे सीलमधून, ऑइल पाझरतंय. थेंब अजून खाली पडत नाही, नुसता ओलावा आहे. गॅस्केट आणून ठेवलंय, पुढच्या सर्व्हिसला बसवायचं.