स्प्लेंडरचं बोअर-पिस्टन काम: जालन्याच्या मोंढ्याकडचं लेथ वर्कशॉप

बोअरिंगचं, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करण्याचं काम चोख. पिस्टन हातात आल्याशिवाय इथला लेथवाला सिलिंडरला हात लावत नाही, आणि तेच बरोबर आहे. मूळ बोअर ५० मिमी. ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्याने मिळतात, पण प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजूनच पिस्टन-सिलिंडरमधली गॅप ठरवावी लागते. होनिंगच्या, म्हणजे बोअरिंगनंतर दगडाने घासल्याच्या, एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा नजरेला दिसतात. गुळगुळीत सिलिंडर मिळाला तर परत करा, त्यात पिस्टनच्या रिंगा घासून नीट बसत नाहीत.

फिटिंग मात्र उभं राहून करून घ्या. रिंगवरची खूण वर, रिंगांची तोंडं एकमेकींपासून १२० अंशांवर. होनिंगनंतर सिलिंडर नुसता पेट्रोलने पुसतात, हे चुकीचं. साबणाच्या गरम पाण्याने घासून धुवा, कोरडा करून लगेच तेल लावा. नाहीतर राहिलेली कच रिंगा खाते.

पहिले ५०० किमी मिनरल तेलच. सिंथेटिक नको. एकाच वेगाने रेटू नका, ओझं नको. थ्रॉटल मध्यम उघडा, मग सोडून इंजिनावरच वेग उतरू द्या. मे महिन्यात भर दुपारी जालना-बीड नकोच. पहिलं तेल १०० किमीच्या आसपास बदला, बारीक चुरा त्यातच येतो.

सुरुवातीचा थोडा निळा धूर जुळणीच्या तेलाचा असतो. रेस देताना तो टिकून राहिला तर रिंगा तपासा, थ्रॉटल सोडून पुन्हा देताना भपका आला तर व्हॉल्व्ह सील. आयडल वरखाली होतंय? कार्ब्युरेटर उघडायच्या आधी मॅनिफोल्डचा (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीचा) ओ-रिंग बघा.

पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही.