कोपर्निकस ब्राउझर: पंचांग जवळ ठेवून वापरा

आमची भाताची खाचरं दाभोळच्या खाडीला लागून. पुण्याच्या पुतण्याने एकदा जेवता जेवता ऐकवलं, “काका, तुमचा युरिया खाडीत जातो, त्याने शेवाळ माजतं.” मला राग आला. मग त्यानेच दाखवलेला हा युरोपचा उपग्रह-नकाशा उघडून बसलो. दोन हंगाम वापरतोय.

पैसे पडत नाहीत, नुसतं खातं उघडायचं. त्यातला सेंटिनेल-२ हा उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातो. चित्रातला एक ठिपका म्हणजे १० मीटर, त्यामुळे धोपाव्याची फेरीबोटसुद्धा सापडते. नत्र आणि स्फुरद मात्र दिसत नाहीत, ते कुठल्याच उपग्रहाला दिसत नाहीत. दिसतं ते त्यावर पोसलेल्या सूक्ष्म शेवाळातलं हरितद्रव्य. उपग्रह उजेड रंगांप्रमाणे वेगवेगळ्या पट्ट्यांत (बँडमध्ये) टिपतो; हरितद्रव्यासाठी पाचव्या बँडमधून चौथा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. हे गणित ब्राउझरमध्येच मांडता येतं, प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी.

पहिल्या ऑक्टोबरात दोन चित्रं शेजारी ठेवली. एकात खाडीच्या मुखाबाहेर हरितद्रव्याचा लांबलचक पट्टा, पाच दिवसांनंतरच्या चित्रात काहीच नाही. मी खूश! खाडी साफ झाली की! मग डोक्यात आलं, उपग्रह येतो नेहमी सकाळी अकराच्या सुमारास, भरती-ओहोटी थोडीच त्याच्यासाठी थांबते? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे अकराला पाणी उतरत असतं आणि खाडीतला मळ बाहेर पडत असतो. पौर्णिमेला त्याच वेळी भरती टोकाला आलेली. तेव्हापासून प्रत्येक चित्रावर तिथी लिहितो. दर तिसरी फेरी जवळपास त्याच पाण्याची मिळते, तीच एकमेकींशी ताडून बघायची. गढूळ पाण्यात गणित चुकतं, म्हणून आधी साध्या रंगाचं चित्र बघून गाळ ओळखायचा.

मोठी पंचाईत पावसाळ्याची. युरियाचा हप्ता पडतो आषाढ-श्रावणात, त्यावर चार मुसळधार सरी येतात आणि नेमकं तेव्हा चित्रात नुसता कापूस. ढगांतून पाहणारा रडारचा उपग्रह आहे, पण त्याला पाण्याचा रंग कळत नाही. त्यामुळे खत वाहून जाताना कधी दिसलंच नाही, दिसली ती नंतरची खाडी. शिवाय वाशिष्ठी नदीतून खाडीत येणाऱ्या पाण्यात कोयनेचं अवजल, म्हणजे पोफळीला वीज करून सोडलेलं पाणी आहे, गावोगावचं सांडपाणी आहे. पट्ट्यातला माझा वाटा कुठला, हे वरून कोण सांगणार? त्याला बाटलीत पाणी भरून तपासायलाच न्यावं लागतं.

पाचपैकी चार तारे. मोबाइलवर बघू नका, डोळे जातात.

पुतण्याला अजून उत्तर दिलेलं नाही. यंदा युरिया दोनाऐवजी तीन हप्त्यांत टाकतोय, तेवढं त्याला कळू देऊ नका.